लहान मुलांच्या आयात कपड्यांचं कस्टम्स वर्गीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीन, बांगलादेश, व्हिएतनाम, तुर्कस्तान इथून मुलांचे कपडे मागवणारे दुकानदार आणि ऑनलाइन विक्रेते आम्हाला जे प्रश्न सतत पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न कंटेनर न्हावा-शेव्याला लागल्यावर येतात. खरं तर ते ऑर्डर देण्याआधी यायला हवेत, कारण उत्तरासाठी लागणारी माहिती कारखान्यात असते आणि माल पेटीबंद झाल्यावर ती मिळवणं महागात पडतं. उत्तरं भारतातल्या आयातीपुरती आहेत. दर बदलत राहतात, म्हणून हिशेब करताना बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालाच्या घोषणापत्राच्या) दिवशीची अधिसूचना बघावी.

१. वर्गीकरण म्हणजे आम्ही नेमकं काय करायचं?

आयात होणाऱ्या प्रत्येक वस्तूला आठ आकडी कोड लावायचा. त्यातले पहिले सहा आकडे जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीतले, म्हणून जगभर सारखे. शेवटचे दोन भारताचे. पहिले दोन आकडे चॅप्टर सांगतात, चार झाले की हेडिंग, सहा झाले की सबहेडिंग. आपल्याकडे ही सगळी यादी, म्हणजे टॅरिफ, सीमाशुल्क दर कायदा, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कपड्यांसाठी मुख्यतः दोनच चॅप्टर : ६१ आणि ६२.

कोड लावण्याची जबाबदारी आयातदाराची आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम १७ प्रमाणे तुम्ही स्वतः आकारणी करून बिल ऑफ एंट्री भरता, अधिकारी ती तपासतो. 'सीएचएने (कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटने) लावला' हे उत्तर चालत नाही.

२. चॅप्टर ६१ की ६२, हे कसं ओळखायचं?

कापड बघून. एकाच धाग्याचे फासे एकमेकांत अडकवून केलेलं कापड, म्हणजे आपण ज्याला बाजारात होजिअरी किंवा निटेड म्हणतो, ते ६१ मध्ये : टी-शर्ट, लेगिंग, स्वेटर, इंटरलॉकचं झबलं. उभ्या-आडव्या धाग्यांचं मागावरचं कापड ६२ मध्ये : पॉपलिनचा शर्ट, डेनिमची जीन्स, कॉर्डरॉय, मलमल.

ताणून बघू नका. लायक्रा घातलेलं मागावरचं कापडही भरपूर ताणतं. शिवणीच्या आतली कापलेली कड घ्या आणि भिंगाखाली एक धागा सुईने ओढा. सरळ आडवा किंवा उभा धागा सुटून आला तर ६२. फासे उसवत गेले तर ६१. सगळ्यात जास्त गोंधळ मुलींच्या जेगिंगमध्ये होतो. वरून डेनिमसारखी दिसते, इन्व्हॉइसवर 'डेनिम पँट' लिहिलेलं असतं, आणि आतली बाजू उलटली की निटेड निघते. मग चॅप्टरच बदलतो.

३. मुलांच्या कपड्यांसाठी वेगळं हेडिंग आहे का?

तान्ह्या आणि अगदी लहान बाळांसाठी आहे : निटेड असेल तर ६१११, मागावरचं असेल तर ६२०९. त्यापुढच्या वयाच्या मुलांसाठी नाही. आठ वर्षांच्या मुलाचा शर्ट त्याच्या वडिलांच्या शर्टाच्याच हेडिंगमध्ये जातो, मुलीचा फ्रॉक बायकांच्या ड्रेसच्या हेडिंगमध्ये. 'किड्स वेअर' नावाचं काही टॅरिफमध्ये नाही, इन्व्हॉइसवर ते कितीही ठळक छापलेलं असो.

४. बाळाचे कपडे म्हणजे किती वयापर्यंतचे?

वय मोजतच नाहीत, उंची मोजतात. चॅप्टर ६१ आणि ६२ च्या टिपांप्रमाणे ज्यांची शरीराची उंची ८६ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही अशा लहान मुलांचे कपडे ६१११ किंवा ६२०९ मध्ये येतात. इंचांत हे ३४ ला किंचित कमी भरतं.

ही बाळाची उंची आहे, कपड्याची लांबी नाही. फ्रॉकवर टेप लावून 'हा तर ४५ सेंटीमीटरच आहे' म्हणणारे आयातदार दर महिन्याला भेटतात.

याच टिपांत आणखी एक वाक्य आहे, आणि ते फार कामाचं आहे : एखादा कपडा ६१११ मध्येही बसतो आणि त्याच चॅप्टरच्या दुसऱ्या हेडिंगमध्येही बसतो असं दिसलं, तर ६१११ लावायचा. ६२०९ चंही तसंच. म्हणजे बाळाचा टी-शर्ट ६१०९ मध्ये जात नाही, बाळाचा स्वेटर ६११० मध्ये नाही, बाळाचा स्विमसूट ६११२ मध्ये नाही. बाळ आधी, कपड्याचा प्रकार नंतर.

५. पुरवठादार साइझ महिन्यांत किंवा वर्षांत लिहितो. सेंटीमीटर कुठून आणायचे?

त्याच्याकडूनच, साइझ चार्ट मागवून. चिनी कारखाने बहुधा उंचीच लिहितात : ६६, ७३, ८०, ९०, १००. यातला ८० आत, ९० बाहेर. युरोपियन साइझही उंचीवरच चालतात, सहा-सहाच्या पायऱ्यांनी : ७४, ८०, ८६, ९२. इथे ८६ आत, ९२ बाहेर. अडचण होते ती '१८-२४ एम', '२ वाय' अशा लेबलांची, कारण प्रत्येक ब्रँडचा चार्ट वेगळा.

वयावरून अंदाज का लावू नये, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढ-तक्त्यात दिसतं. दीड वर्षाच्या मुलग्याची मध्यम उंची ८२.३ सेंटीमीटर, मुलीची ८०.७, दोघंही आत. पण बरोबर दोन वर्षांच्या मुलीची ८५.७ आणि मुलग्याची ८७.१. म्हणजे '२ वर्षं' एवढंच लेबल असेल तर रेषा त्या लेबलच्या मधूनच जाते. पुरवठादाराचा सेंटीमीटरमधला चार्ट, त्याच्या सही-शिक्क्यानिशी, बिल ऑफ एंट्रीबरोबर ई-संचित या कस्टम्सच्या ऑनलाइन कागदपत्र-प्रणालीवर चढवा.

६. एकच डिझाइन ७३ पासून ११० पर्यंतच्या साइझमध्ये आहे. एकच कोड चालेल?

नाही. ८६ पर्यंतचे नग बिल ऑफ एंट्रीच्या एका ओळीत, त्यावरचे दुसऱ्या ओळीत. त्यासाठी पॅकिंग लिस्टमध्ये साइझप्रमाणे नगसंख्या लागते. पुरवठादार 'अ‍ॅसॉर्टेड साइझेस, २,४०० पीसेस' एवढंच लिहून मोकळा होतो. तशी यादी स्वीकारू नका.

एकाच लेबलवर '८०-९२' असा पट्टा असेल तर? तो कपडा ८६ पेक्षा उंच मुलासाठीही बनवलेला आहे हे लेबलच सांगतं, त्यामुळे बाळाच्या हेडिंगसाठी बाजू लंगडी पडते. आमचा सल्ला : अशा मालाला ६१११ किंवा ६२०९ लावण्याच्या भानगडीत पडू नका. माल नियमित येणार असेल तर प्रश्न १९ पाहा.

७. मोठ्या मुलांच्या नेहमीच्या कपड्यांची हेडिंग्ज सांगाल?

पाठ असावीत अशी एवढीच. टी-शर्ट आणि बनियन ६१०९. स्वेटर, स्वेटशर्ट ६११०. मुलग्यांचे निटेड शर्ट ६१०५, मुलींचे ६१०६. मागावरचे ६२०५ आणि ६२०६. पँट, शॉर्ट्स, डंगरी मुलग्यांसाठी ६१०३ किंवा ६२०३. मुलींची पँट, स्कर्ट, फ्रॉक ६१०४ किंवा ६२०४. झोपायचे कपडे ६१०७, ६१०८, ६२०७, ६२०८. जाकीट, विंडचीटर ६१०१, ६१०२, ६२०१, ६२०२. निटेड मोजे ६११५. कुठेच बसत नाहीत ते ६११४ किंवा ६२११.

कॉलर आणि पुढे बटणपट्टी असलेला 'पोलो टी-शर्ट' ६१०९ मध्ये जात नाही. मुलग्याचा असेल तर तो ६१०५, म्हणजे शर्ट. पण खाली रिबची पट्टी किंवा आवळायची नाडी असेल, कमरेखाली खिसा असेल, किंवा विण इतकी जाड असेल की सेंटीमीटरला सरासरी दहापेक्षा कमी फासे भरतात, तर तो ६१०५-६१०६ मधूनही बाहेर पडतो. असा माल बहुधा ६११० ला पोचतो.

८. कॉटन-पॉलिएस्टर मिक्स असेल तर सबहेडिंग कोणतं?

वजनाने जो धागा जास्त, त्याचं. ६०% कॉटन, ४०% पॉलिएस्टर म्हणजे कॉटन. ९५% कॉटन, ५% इलास्टेन म्हणजे कॉटनच. बरोबर अर्धं-अर्धं असेल तर टॅरिफमध्ये ज्याचा क्रमांक नंतर येतो तो, म्हणजे पॉलिएस्टर. कॉटन चॅप्टर ५२ मध्ये, पॉलिएस्टर ५४-५५ मध्ये.

तीन धागे असले की लोक फसतात. समजा ४०% कॉटन, ३५% पॉलिएस्टर, २५% व्हिस्कोस. कॉटन सगळ्यात जास्त दिसतं, पण नियम आधी चॅप्टर निवडायला सांगतो, आणि ५४ व ५५ हे दोन्ही मिळून एक चॅप्टर धरतात. पॉलिएस्टर आणि व्हिस्कोस मिळून ६० झाले, कॉटन मागे पडलं. मग त्या साठात पॉलिएस्टर मोठं, म्हणून कपडा सिंथेटिक. बाळाचा निटेड असेल तर ६१११ २० नव्हे, ६१११ ३०.

हिशेब बाहेरच्या मुख्य कापडाचा. आतलं अस्तर, रिबचा गळा, लेसची किनार यांचं वजन सहसा धरत नाहीत.

९. मुलाचा की मुलीचा हे कळत नसेल तर? आमचा सगळा माल युनिसेक्स आहे.

पुढून बंद होणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर मुलग्यांचा, उजवी डावीवर येत असेल तर मुलींचा. कपड्याचा काटच स्पष्ट सांगत असेल (उदा. घेरदार फ्रॉक) तर बटणांची बाजू बघायची गरज नाही. आणि कशावरूनच ठरत नसेल तर मुलींचं हेडिंग. बाळांच्या हेडिंगमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे मुलगा-मुलगी असा भेद नाही.

१०. टॉप आणि पँटचा सेट एकाच हँगरवर, एकाच किमतीला विकतो. एक कोड की दोन?

सगळ्यात जास्त ई-मेल या प्रश्नाचे. टॅरिफच्या सेक्शन ११ ची (कापड आणि कपड्यांचा विभाग) टीप १४ म्हणते की वेगवेगळ्या हेडिंगचे कपडे सेट म्हणून एकत्र बांधलेले असले तरी ज्याचं त्याचं हेडिंग लावायचं. म्हणून टी-शर्ट आणि शॉर्ट्सचा सेट म्हणजे दोन ओळी : ६१०९ आणि ६१०३ किंवा ६१०४. इन्व्हॉइसवर दोन्हींची किंमत वेगळी हवी. सेटची एकच किंमत असेल तर ती कशी फोडली ते तुम्हालाच पटवून द्यावं लागतं, म्हणून पुरवठादाराकडूनच फोडून घ्या.

याला अपवाद म्हणजे टॅरिफनेच ज्या जोड्यांना नाव दिलंय त्या : सूट, पायजमा सेट, ट्रॅकसूट, आणि 'आन्सांब्ल'. हा शेवटचा फ्रेंच शब्द टॅरिफमधून आलाय, बाजारात कोणी म्हणत नाही. ६१०३-६१०४ मधलं आन्सांब्ल ठरायला वरचा एक कपडा आणि खालचे एक किंवा दोन, सगळे एकाच कापडाचे, एकाच रंगाचे, एकाच घडणीचे, एकमेकांना शोभणाऱ्या साइझचे असावे लागतात. आणि वरचा कपडा ६१०९ चा टी-शर्ट असेल तर आन्सांब्ल होतच नाही. त्यामुळे कार्टूनचा पांढरा टी-शर्ट आणि निळी शॉर्ट्स हा बाजारातला सर्वात खपाचा सेट दोन कारणांनी नापास होतो : टी-शर्ट आहे, आणि रंग जुळत नाही.

बाळांच्या सेटमध्ये काम सोपं. निटेड टॉप आणि निटेड पँट दोन्ही ६१११ मध्येच. धागाही सारखाच असेल तर एकच ओळ. पण निटेड टॉपबरोबर मागावरच्या कापडाची चड्डी असेल तर ६१११ आणि ६२०९ ही वेगळी हेडिंग्ज, म्हणून पुन्हा दोन ओळी.

११. बारशाचा गिफ्ट बॉक्स : झबलं, टोपडं, हातमोजे, पायमोजे, लाळेरं, दुपटं आणि खुळखुळा. याचं काय?

सुटं-सुटं बघू. निटेड झबलं, हातमोजे, पायमोजे, लाळेरं हे सगळं ६१११. टोपडं ६५०५, बाळाचं असलं तरी. साधं पांघरायचं दुपटं ६३०१. आत पॉलिफिल भरून गोधडीसारखं शिवलेलं असेल तर ९४०४. खुळखुळा ९५०३.

टीप १४ फक्त ६१०१ ते ६११४ आणि ६२०१ ते ६२११ मधल्या कपड्यांना लागू आहे, त्यामुळे टोपडं त्या बंधनात येत नाही. किरकोळ विक्रीसाठी एकत्र बांधलेला संच बाळाला सजवण्याच्या एकाच गरजेचा आहे आणि कपडे हाच त्याचा मुख्य भाग आहे असं दाखवता आलं, तर टॅरिफ लावण्याच्या सर्वसाधारण नियमांतल्या ३(ब) खाली टोपडं ६१११ बरोबर जाऊ शकतं. खुळखुळ्याबाबत असं म्हणणं अवघड, कारण तो घालायची वस्तू नाही. शिवाय खेळणी म्हटली की बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र आलं आणि खेळण्यांचा सीमाशुल्क दर कपड्यांच्या कितीतरी वर आहे. पन्नास पैशांच्या खुळखुळ्यासाठी सगळा बॉक्स अडकवण्यात अर्थ नाही. तो काढून टाकायला सांगा.

१२. बुटीज, डायपर, प्लास्टिकचं लाळेरं?

लोकरीचे किंवा निटेड बुटीज, ज्यांना वेगळा तळवा चिकटवलेला किंवा शिवलेला नाही, ते ६१११. तळवा लावला की चॅप्टर ६४, म्हणजे पादत्राणं. डायपर आणि कापडी लंगोट, टाकाऊ असोत की धुऊन वापरायचे, ९६१९. प्लास्टिक किंवा सिलिकॉनचं लाळेरं ३९२६.

१३. वरचा भाग निटेड, खालचा घेर मागावरच्या कापडाचा. फ्रॉक ६१ चा की ६२ चा?

कपड्याला त्याचं रूप कोणता भाग देतो ते बघायचं : क्षेत्रफळ, वजन, किंमत, वापर. छोटी निटेड चोळी आणि खाली तीन थरांचा नायलॉनच्या जाळीचा घेर असेल तर घेराचं पारडं जड. मात्र घेराची जाळीसुद्धा निटेड असू शकते, तीही भिंगाखाली बघा. दोन्ही बाजू खरोखर सारख्याच तोलाच्या असतील तर क्रमाने नंतरचं हेडिंग, म्हणजे ६२ मधलं.

१४. मुलांचे रेनकोट कुठे जातात?

तीन वाटा आहेत. नुसत्या पीव्हीसीच्या पत्र्याचा, कापड नसलेला : ३९२६ २०. ज्या कापडावर प्लास्टिकचा थर नुसत्या डोळ्यांनी दिसतो त्याचा : ६२१०, निटेड असेल तर ६११३. नायलॉनच्या कापडावर पाणी न टिकणारी प्रक्रिया केली आहे पण थर दिसत नाही, त्याचा : ६२०१ किंवा ६२०२. पुरवठादाराच्या कागदावर तिन्हींना 'वॉटरप्रूफ जॅकेट' म्हणतात. नमुना उजेडात तिरका धरून आतली बाजू बघा, थर असेल तर चमक आणि धाग्यांच्या फटी बुजलेल्या दिसतात. रंग बदलला एवढ्याने थर सिद्ध होत नाही.

८६ सेंटीमीटरच्या आतल्या बाळाचा थर दिसणारा कापडी रेनकोट मात्र ६२१० मध्ये नाही, ६२०९ मध्येच. टिपेत तसा स्पष्ट अपवाद आहे. नुसत्या पीव्हीसीचा असेल तर तो कापडी कपडाच नाही, त्यामुळे बाळाचा असूनही ३९२६.

१५. स्पायडरमॅनचा पोशाख, परीचा ड्रेस : खेळणी की कपडे?

कापडाचा असेल तर कपडा. चॅप्टर ९५ ची टीप कापडी फॅन्सी ड्रेस सरळ बाहेर काढते. 'वापरून फेकतात, म्हणून खेळणं' हा युक्तिवाद टिकत नाही. बाहुलीचे कपडे मात्र ९५०३, कितीही सुबक शिवलेले असले तरी.

छातीवर एलईडीचे दिवे लुकलुकणारे टी-शर्ट? ते टी-शर्टच. २०२२ च्या सुधारणेत सेक्शन ११ ला टीप १५ जोडली गेली : इलेक्ट्रॉनिक भाग बसवला तरी कपड्याचं कपडेपण शिल्लक असेल तर हेडिंग बदलत नाही.

१६. एकूण ड्यूटी किती बसते? उदाहरण द्या.

जुलै-ऑगस्ट २०१८ मध्ये कपड्यांच्या बऱ्याचशा टॅरिफ-ओळींवरचं (आठ आकडी कोडवरचं) मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं. त्या मूळ शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार. मग या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) : २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के.

फ्रॉकचं आकारणीमूल्य ४०० रुपये धरा. मूळ शुल्क ८०, अधिभार ८, बेरीज ४८८. त्यावर ५ टक्के म्हणजे २४.४०. एकूण ११२.४०, म्हणजे मूल्याच्या २८.१ टक्के. हेच ३,००० रुपयांच्या जाकिटाला : ६०० अधिक ६०, बेरीज ३,६६०, त्यावर १८ टक्के ६५८.८०. एकूण १,३१८.८०, म्हणजे जवळपास ४४ टक्के. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं. सीमाशुल्क आणि अधिभाराचं मिळत नाही. भावात धरायचा खर्च तो. एमआरपीचा या हिशेबाशी संबंध नाही.

१७. सगळीकडे २० टक्केच असेल तर कोड कोणता का असेना, फरक काय पडतो?

बऱ्याच ओळींवर दर 'इतके टक्के किंवा नगाला इतके रुपये, यातलं जे जास्त' असा आहे. मुलांचा कपडा स्वस्त असतो, म्हणून फटका नेमका त्यालाच बसतो. समजा एखाद्या ओळीवर '२० टक्के किंवा नगाला ६० रुपये' असेल आणि तुमचा शर्ट २०० रुपयांचा असेल. टक्क्याने ४० होतात, पण भरायचे ६०, म्हणजे प्रत्यक्षात ३० टक्के. शेजारच्या ओळीवर नगाचा आकडा वेगळा असू शकतो किंवा नसतोच. मुलाच्या आणि मोठ्या माणसाच्या शर्टाला नगाचा आकडा एकच, हा या पद्धतीतला अन्याय आहे असं आमचं मत. पण नियम तसा आहे तोवर ऑर्डरच्या आधी ओळ न् ओळ तपासावी लागते.

शिवाय करारातल्या सवलती कोडवर चालतात (प्रश्न २०), आणि चुकीचा कोड ही स्वतंत्र चूक आहेच (प्रश्न २२).

१८. पुरवठादाराने इन्व्हॉइसवर एचएस कोड (म्हणजे हाच वर्गीकरणाचा कोड) दिलाय. तोच वापरू?

सुरुवात म्हणून बघा. पहिले सहा आकडे जुळायला हवेत, पुढचे त्याच्या देशाचे. पण त्याने कोड त्याच्या निर्यातीच्या सोयीने लावलेला असतो आणि भारतात नोटीस आली तर ती तुम्हाला येते. त्याच्याकडून कोडपेक्षा माहिती मागा. इन्व्हॉइसवर प्रत्येक स्टाइलपुढे हे हवं : निटेड की मागावरचं, धाग्यांची टक्केवारी, मुलगा की मुलगी, सेंटीमीटरमध्ये साइझ, नग, नगाची किंमत. एक नमुनेदार ओळ अशी : 'बाळाचा रोम्पर, निटेड, १०० टक्के कॉटन, उंची ७३ आणि ८० सेंटीमीटर, ६०० नग.' अशी ओळ वाचून अप्रेझरला (माल तपासणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याला) विचारण्यासारखं फारसं उरत नाही.

१९. माल नियमित येणार आहे. आधीच पक्कं उत्तर मिळवता येतं का?

येतं. सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाची कार्यालयं मुंबई आणि नवी दिल्लीत आहेत. शुल्क १०,००० रुपये, निर्णय अर्जापासून तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि तो तुम्हाला व खात्याला दोघांनाही बांधील. एकाच कंटेनरसाठी हा उपद्व्याप करू नका. दर हंगामाला तोच माल आणणार असाल आणि दोन हेडिंगमध्ये खरीच ओढाताण असेल तर मात्र करा. एखादाच माल अडला असेल तर कलम १८ खाली तात्पुरती आकारणी मागता येते : बाँड आणि हमी द्यायची, माल सोडवायचा, चाचणी अहवाल आल्यावर अंतिम हिशेब.

२०. बांगलादेशातून आणल्यास ड्यूटी नाही हे खरं का?

साफ्टा (दक्षिण आशियाई मुक्त व्यापार) कराराखाली अल्पविकसित देशांना भारताने २०११ च्या अखेरीपासून दारू आणि तंबाखूच्या मोजक्या वस्तू सोडून शुल्कमाफी दिली. मूळ शुल्क शून्य म्हणजे अधिभारही शून्य. आयजीएसटी भरावाच लागतो. सवलत चालू आहे का, ते आयातीच्या दिवशी तपासा.

'मेड इन बांगलादेश' लेबल पुरत नाही. उगम प्रमाणपत्र लागतं, आणि २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार (मालाचा उगम सिद्ध करण्याच्या) नियमांखाली माल तिथे खरंच कसा तयार झाला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची आहे. प्रमाणपत्रावरचा कोड आणि तुमचा कोड वेगळा निघाला की सवलत तिथेच अडकते, म्हणून ८६ सेंटीमीटरची विभागणी ढाक्यातल्या कागदातही झालेली हवी.

वाहतुकीचीही अट आहे : १७ मे २०२५ च्या डीजीएफटी (विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने बांगलादेशी तयार कपडे कोणत्याही जमिनी नाक्यावरून आणायला बंदी केली आणि फक्त न्हावा-शेवा व कोलकाता ही सागरी बंदरं मोकळी ठेवली. पेट्रापोलहून (पश्चिम बंगालमधल्या सीमा नाक्यावरून) ट्रकने मागवायचा बेत असेल तर आधी ही अधिसूचना आजही तशीच आहे का बघा.

२१. वर्गीकरण बरोबर असूनही माल अडला. का?

बहुधा रंगामुळे. पर्यावरण कायद्याखाली बंदी असलेले घातक रंग, मुख्यतः काही अ‍ॅझो रंग, कापडात चालत नाहीत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचं पाठवणीपूर्व प्रमाणपत्र नसेल तर इथे नमुना काढून तपासतात. टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेत अशा चाचण्या होतात. तोवर डिटेंशन आणि डेमरेजचं (कंटेनर आणि बंदरातली जागा अडवल्याच्या आकारांचं) मीटर चालू. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, उत्पादनाचा देश नसणं.

२२. माल सुटल्यावर कोड चुकल्याचं लक्षात आलं. आता?

आपणहून सांगा. कलम १४९ खाली बिल ऑफ एंट्रीत दुरुस्ती मागता येते, पण माल सुटला तेव्हा अस्तित्वात असलेल्या कागदांच्याच आधारावर. नंतर मागवलेला साइझ चार्ट इथे उपयोगी पडत नाही. २०२५ च्या वित्त कायद्याने कलम १८अ आणून माल सुटल्यावर स्वतःहून दुरुस्ती करण्याची वाटही दिली आहे.

खात्याने शोधलं तर कलम २८ खाली साधारण दोन वर्षांपर्यंतची, आणि जाणूनबुजून लपवल्याचं ठरलं तर पाच वर्षांपर्यंतची कमी भरलेली ड्यूटी व्याजासह मागतात. दुसऱ्या प्रकारात दंड ड्यूटीइतकाच होऊ शकतो. प्रामाणिक मतभेद आणि लपवाछपवी यांतला फरक कागदांवरून ठरतो : इन्व्हॉइसवर साइझ आणि धागा स्पष्ट लिहिलेला असेल, तर कोड चुकला तरी 'लपवलं' म्हणणं कठीण जातं.

२३. न्यू जर्सीहून आत्याने बाळासाठी कपड्यांचं पार्सल पाठवलंय. ८६ सेंटीमीटर बघायचे का?

नाही. वैयक्तिक वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने आलेल्या शुल्कपात्र वस्तू ९८०४ या एकाच हेडिंगमध्ये जातात, आणि प्रवाशाच्या सामानातल्या ९८०३ मध्ये. तिथे निटेड, मागावरचं, कॉटन, काही बघत नाहीत, एकच दर. मात्र पार्सलमध्ये एकाच फ्रॉकचे तीस नग निघाले तर वैयक्तिक वापर कोणी मानणार नाही, आणि मग प्रश्न १ पासून सुरुवात.

२४. परदेशातले वापरलेले पण चांगले बाळकपडे गाठोड्याने स्वस्त मिळतात. आणू का?

वापरलेले कपडे ६३०९ मध्ये, बाळाचे असोत की मोठ्यांचे. त्यासाठी दोन गोष्टी लागतात : वापराच्या खुणा उघड दिसल्या पाहिजेत, आणि माल गठ्ठे, पोती अशा मोठ्या बांधणीत आलेला असला पाहिजे. त्याची आयात 'प्रतिबंधित' यादीत आहे, म्हणजे डीजीएफटीचा परवाना असल्याशिवाय करता येत नाही. कांडला सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) जुन्या कपड्यांवर काम करणारी युनिट्स आहेत, ती आपापल्या परवानगीच्या अटींवर चालतात. तिथला माल दिसतो म्हणून तुमच्या दुकानासाठी ती वाट खुली होत नाही. नवे पण हंगाम उलटून गेलेले कपडे ६३०९ म्हणून दाखवायला सांगणारे दलालही भेटतील. लेबल-टॅगसकट, खुणा नसलेला माल तपासणीत उघडला की तो ६१ किंवा ६२ मध्येच जातो, आणि चुकीच्या घोषणेसाठी कलम १११(म) खाली जप्तीची कारवाई होते ती वेगळी.